आजीचं गोंदण आणि तीन एक्स्पोजर

(ज्यांना भाग ऐकता येत नाही त्यांच्यासाठी हा मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त मधलं खोकणं काढलंय.)

आज एचडीआरवर बोलायचंय. डोंगर, ढग, भंडारदऱ्याचं पाणी यांच्यासाठी एचडीआर सगळेच वापरतात, त्यावर भरपूर व्हिडिओ आहेत. मला बोलायचंय ते माणसाच्या चेहऱ्याबद्दल. आणि हे सगळं सुरू झालं आमच्या आजीमुळं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाव पाथर्डी तालुक्यात. एप्रिलमध्ये जत्रेला गेलो होतो. दुपारची वेळ, आजी उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती. पाठीमागं अंगण, उन्हानं अक्षरशः पांढरं पडलेलं. मी आत, अंधारात. ती म्हणाली, "पोरा, माझा एक फोटू काढ. चांगला, मोठा. भिंतीवर लावायला." तिला कुठला फोटो म्हणायचाय ते घरात सगळ्यांना कळलं. कुणी काही बोललं नाही. मी फोन काढला.

आता ही परिस्थिती फोटोसाठी बेक्कार. चेहऱ्याला एक्स्पोजर दिलं की अंगण जळतं, अंगणाला दिलं की आजी काळी सावली. मी मोजलं तेव्हा दोन्हीत साधारण सहा स्टॉपचा फरक होता. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट, म्हणजे सहा स्टॉप म्हणजे ६४ पट. फोननं आपला एचडीआर लावला आणि एका सेकंदात सगळं दिसायला लागलं. अंगण, कडुनिंब, आजीचा चेहरा, सगळं. मी खूश. तिला दाखवला.

तिनं फोन लांब धरला, परत जवळ घेतला. म्हणाली, "आरं, माझं गोंदान कुठं गेलं?"

आजीच्या कपाळावर एक ठिपका आहे आणि हनुवटीवर तीन. लहानपणी तिच्या आईनं जत्रेत गोंदवून घेतलेले. आता ऐंशीच्या पुढं, त्यामुळं ते हिरवट, फिकट झालेत. "मेल्यावर संगं येतं ते एवढंच," हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आलीय. आणि फोटोत हनुवटी कोरी होती. सावलीतला भाग फोननं वर उचलला, त्यात नॉइज आला, तो घालवायला कातडी गुळगुळीत केली, आणि त्यात ठिपके विरघळले.

हे फक्त माझ्याच फोनचं नाही बरं का. २०१८ मध्ये आयफोन एक्सएस आला तेव्हा सेल्फीत कातडी फारच मऊ येते अशी जगभर ओरड झाली होती. स्मार्ट एचडीआर चुकीची बेस फ्रेम निवडत होतं, असं कारण कंपनीनं दिलं आणि आयओएस १२.१ मध्ये ते दुरुस्त केलं.

मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. म्हटलं, आपणच करू. फोन धान्याच्या कोठीवर टेकवला, मॅन्युअल मोड, रॉ फाइल, तीन फोटो: उणे दोन, शून्य, अधिक दोन. आयएसओ तोच, फक्त शटर बदललं. रात्री लॅपटॉपवर ओपनसीव्ही उघडलं. त्यात मर्टेन्सची पद्धत आहे, २००७ च्या एक्स्पोजर फ्युजनच्या पेपरमधली. ती प्रत्येक फ्रेममधल्या प्रत्येक पिक्सेलला तीन गोष्टींवर मार्क देते: कॉन्ट्रास्ट किती, रंग किती गडद, आणि उजेड किती योग्य. ज्याचे मार्क जास्त, त्याचा वाटा जास्त. तिसरं वजन ओपनसीव्हीत मुळात शून्य असतं. मी हौसेनं एक केलं.

आणि आजी राखाडी झाली.

का, ते पेपर वाचल्यावर समजलं. 'योग्य उजेड' म्हणजे काय, तर शून्य ते एकच्या पट्टीवर ०.५ च्या जवळ. बरोबर मधोमध. आता विचार करा, आमची आजी सावळी आहे, उन्हात रापलेली. तिचा चेहरा ०.५ वर असायलाच नको, खाली असायला पाहिजे. पण या नियमाला ते माहीतच नाही. तो म्हणतो हा चेहरा अंधारात आहे, चला अधिक दोनमधून घेऊ. कुणी मुद्दाम केलेलं नाही हे. लिहिणाऱ्यांना खोलीही दिसावी आणि खिडकीबाहेरचंही दिसावं असं पाहिजे होतं, आणि त्यासाठी ही पद्धत झकास आहे. पण चेहऱ्याला तोच नियम लावला की माणसाचा रंगच बदलतो. (गुगलनं २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर रिअल टोन आणलं ते याच दुखण्यावर: सावळे चेहरे नीट यावेत म्हणून.)

वजन परत शून्य केलं. रंग सुधारला. पण ठिपके पुसटच! कारण तीन फोटो होईपर्यंत आजी बोलत होती. तिला गप्प बसवणं कुणाला जमलंय? ओपनसीव्हीचं अलाइनमेंट अख्खी फ्रेम सरकवून जुळवतं. हलली होती फक्त हनुवटी. तीन जागी तीन ठिपके, त्यांची सरासरी काढली की उरतो एक हिरवट धूर.

यावर उपाय मला चांदबिबी महालात सापडला. खरं तर ती सलाबत खानाची कबर, नगरहून पाथर्डीकडं जाताना डोंगरावर दिसते ती. मित्राला घेऊन गेलो, कमानीत उभा केला. आत अंधार, बाहेर झगझगीत आभाळ. आजीच्या दाराचीच मोठी आवृत्ती. दोन-तीन तास वेगवेगळं करून बघितलं. टोन मॅपिंग वाढवलं की केसांभोवती पांढरी कड यायची, आणि नाकाशेजारची सावली उचलली की त्याचा चेहरा चपटा, पोळीसारखा. शेवटी जमलं ते असं: चेहरा पूर्ण एकाच फ्रेममधून घ्यायचा. त्यात काहीही मिसळायचं नाही. बाकीच्या फ्रेम फक्त मागच्या आभाळासाठी. मध्ये मास्क, त्याची कड चांगली रुंद आणि मऊ ठेवायची. आणि आभाळ चेहऱ्यापेक्षा उजळच राहू द्यायचं. ते उन्हातलं आहे, उन्हातलं दिसू दे.

ही युक्ती नवी नाही म्हणा. गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आभाळ दुसऱ्यावरून छापायचा.

पुढच्या सुट्टीत परत गावी. या वेळी आधी आजीलाच हलवलं. उंबऱ्यावरून दोन हात आत घेतलं, आणि तिच्या समोर कॉटवर पांढरी चादर उभी टांगली. दारातून येणारं ऊन चादरीवर आपटून तिच्या चेहऱ्यावर. सहा स्टॉपचा फरक साडेतीनवर आला! एवढा तर एका रॉ फाइलमध्ये मावतो. म्हणजे जे काम मी दीडशे ओळींच्या कोडनं करत होतो, त्यातलं निम्मं एका चादरीनं केलं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. अंगणासाठी मात्र एक उणे दोनची फ्रेम घेतली, तेवढी मास्कनं जोडली. चेहऱ्यावर नॉइज रिडक्शन शून्य. सुरकुत्या, ठिपके, सगळं आलं.

नगरला प्रिंट काढायला दिला तर काउंटरवरचा पोरगा स्क्रीन झूम करून म्हणतो, "दादा, हनुवटीवरचे डाग काढून देऊ का? फ्री आहे."

नको म्हटलं. गोंदण आहे ते.

आजीनं प्रिंट बघितला. बोटानं चारही ठिपके मोजले. भिंतीवर आत्ताच लावू नका म्हणाली. तिच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली ठेवलाय.

कोड पाहिजे असेल तर मेसेज करा, पाठवतो. चला, भेटू पुढच्या भागात.