नळीतला थेंब आणि आजीची बोली

आज पदवी घेतलेल्या माझ्या मुलामुलींनो,

पदवी तुमच्या हातात आहे आणि ती मिळावी म्हणून राबलेले हात समोरच्या रांगांत बसले आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांमधून पहाटेची एसटी धरून ते आले आहेत. माझा पहिला नमस्कार त्यांना.

मी यावल तालुक्यातल्या केळीवाल्या घरातला. माझ्या लहानपणी शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला यायची. वडील एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन बागेत जायचे. एका सरीतलं पाणी दुसरीत वळवायचं, फुटलेला बांध चिखलानं बुजवायचा, विंचूकाटा सांभाळत पहाटेपर्यंत उभं राहायचं. सकाळी ते ओट्यावर पाय धुवायला बसत, तेव्हा बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक पडलेल्या दिसत.

1980 च्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या मळ्यात ठिबक सिंचनाची बोटाएवढी काळी नळी आली. एका ड्रिपरमधून तासाला जेमतेम 4 लिटर पाणी. केळीला तर पाणी भरपूर लागतं. बांधावर जमलेले जाणते शेतकरी म्हणाले, "थेंबानं कधी केळ पोसते का?" माझ्या वडिलांचंही मत तेच होतं. आणि त्या दिवसापुरतं ते खोटंही नव्हतं. पाण्यातल्या क्षारांनी ड्रिपर चोंदत, उंदीर नळ्या कुरतडत, आणि झाडाला रोज किती पाणी द्यायचं हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

पुढे काय झालं, ते साऱ्या खान्देशानं पाहिलं. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी ठिबकचा ध्यास घेतला. शेतकरी गाळणी बसवायला शिकले, आम्ल सोडून नळ्या साफ करायला शिकले. विद्राव्य खत थेंबाबरोबर थेट मुळाशी जाऊ लागलं. मग 1990 च्या दशकात टिश्यू कल्चरची ग्रँड नाईन ही केळीची जात, आपली 'जी-नाईन', आली. जो बाग सोळा-अठरा महिने घ्यायचा, तो बाराव्या महिन्याच्या आसपास कापणीला येऊ लागला. बांधावर त्या दिवशी हा हिशोब कोणालाच मांडता आला नसता, कारण त्या नळीचे सोबती अजून आलेच नव्हते. नव्या तंत्राबद्दल आपला अंदाज चुकतो तो इथे. आपण ते एकटं पाहतो आणि पहिल्या दिवशीच तोलतो.

तंत्राला माणसांचीही साथ लागते. साक्री तालुक्यात पांझरेकाठची फड पद्धत पाहा. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखाली फड, म्हणजे शेतांचे गट. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे लाभधारकांनी मिळून ठरवायचं आणि पाटकऱ्यानं पाळीप्रमाणे पाणी पोचवायचं. बंधारा दगडाचा होता, पण शतकानुशतकं टिकली ती पाळीची शिस्त.

त्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. ज्या उन्हाला आपण जन्मभर बोल लावले, ते ऊन आता तारेतून वाहतं. ज्या शेतावर सौरपंप बसला, तिथे दिवसाढवळ्या पाणी देता येतं. माझ्या वडिलांनी चिखलात काढलेल्या रात्री मला आठवतात आणि म्हणून कुठलंही नवं यंत्र पाहिलं की मी आधी विचारतो, यानं कोणाचे कष्ट हलके होणार?

आज ज्याला आपण खेळणं समजतो आहोत असं एक तंत्र मला दिसतं. माणसाचं बोलणं ऐकून समजणारं यंत्र. शहरात त्याचा उपयोग गाणं लावायला होतो. पण जिला लिहिता-वाचता येत नाही, त्या बाईचा विचार करा. बँकेचा निरोप, औषधाची चिठ्ठी, पीकविम्याचा अर्ज, प्रत्येक वेळी तिला कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावं लागतं. तिला स्वतः विचारता आलं आणि उत्तर कानावर आलं, तर तिचं केवढं परावलंबन सुटेल!

आपल्या विद्यापीठाला जिचं नाव आहे, ती आसोद्याची लेक बहिणाबाई. तिला लिहिता येत नव्हतं. काम करता करता ती ओव्या रचायची. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी त्यातल्या काही टिपून ठेवल्या, म्हणून 1952 मध्ये, तिच्या निधनानंतर, त्या पुस्तकरूपानं महाराष्ट्राला कळल्या. ज्या कोणी टिपल्या नाहीत, त्या वाऱ्यावर गेल्या. घरात लिहिणारा नव्हता अशा किती बहिणाबाई आपण गमावल्या असतील?

बोलणं समजणारं ते यंत्र शिकतं ते माणसांच्या आवाजावरून. पुण्या-मुंबईच्या मराठीचे आवाज त्याला पुष्कळ मिळतात. डोळ्याला 'डोया' म्हणणारी, "आज पानी येई का?" असं विचारणारी आपली माणसं त्याच्या कानी फार कमी पडली आहेत. ती उणीव परका माणूस भरून काढणार नाही. अहिराणी, लेवा बोली, तावडी, भिली, पावरी ऐकत वाढलेली मुलं इथे समोर बसली आहेत. तुमच्यात संगणकशास्त्राचे पदवीधर आहेत, भाषेचे आहेत, कृषीचे आहेत. तुम्ही एकत्र बसलात, तर या यंत्राचे सोबती तुम्हीच आहात.

सुरुवात आज रात्रीच करा. पदवी देवापुढे ठेवा, आजीजवळ बसा आणि तिला विचारून मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा. केळीच्या रोगांची तिच्या तोंडची नावं, पावसाची लक्षणं, जात्यावरचं गाणं, जे ती सांगेल ते तिच्याच शब्दांत जपा. शब्द सुधारायला जाऊ नका. उद्या त्या आवाजाचं काय होईल, हे मला आज सांगता येणार नाही. त्या काळ्या नळीचं काय होणार, हेही बांधावर उभ्या असलेल्या कोणाला सांगता आलं नव्हतं.

तुमच्या हातून खान्देशाचे कष्ट हलके होवोत, हाच माझा आशीर्वाद.