आईची साक्ष

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला काहीतरी हलकेफुलके बोला, असे कार्यकारिणीने मला सुचविले होते. ते काही माझ्याने होणार नाही. आपल्या वधूवर सूचक केंद्राची वही मी बरीच वर्षे सांभाळते आहे. तेव्हा विवाहाविषयी बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे समजून, मी आज एका परक्या देशातल्या मतदानाची हकीगत सांगणार आहे.

२२ मे २०१५ रोजी आयर्लंडमधल्या मतदारांना विचारण्यात आले की, दोन पुरुषांचा किंवा दोन स्त्रियांचा विवाह राज्यघटनेने मान्य करावा काय? शेकडा ६२ जणांनी होकार दिला. सबंध राष्ट्राने मतपेटीतून असा निर्णय देण्याची जगातली ती पहिलीच वेळ. ४३ मतदारसंघांपैकी विरोधात गेला तो अवघा एक. आणि देश कोणता, तर कडवा कॅथॉलिक! सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न होताच घरी बसावे लागे, हा नियम तिथे १९७३ पर्यंत होता. घटस्फोटाची मुभा १९९५ च्या मतदानात मिळाली, तीही जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने. अशा देशाचे मन कोणी वळविले, याचे मला मोठे कुतूहल वाटले.

पुरुषापुरुषांतील संबंध गुन्हा ठरविणारा कायदा तिथेही इंग्रजांनीच करून ठेवला होता, जसे आपल्या दंडसंहितेत १८६० साली ३७७ वे कलम आले. डेव्हिड नॉरिस या अध्यापकांनी त्या कायद्याविरुद्ध दावा लावला आणि १९८८ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात तो जिंकला. त्यांच्या वकील होत्या मेरी रॉबिन्सन. या चळवळीत आरंभापासून आणखी एक तरुण कायदेपंडिता होती, मेरी मॅकॅलीस. ज्या विषयाचे नाव चारचौघांत काढणे लाजिरवाणे, त्यात या दोघीजणी पडल्या. आणि पुढे दोघीही एकीमागून एक आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. तेव्हा अशा कामाने नाव जातेच असे नाही!

न्यायालयाने निकाल दिला तरी कायदा बदलायला १९९३ साल उजाडले. त्या वेळी न्यायखात्याच्या मंत्री मॉयरा गेगन-क्विन या होत्या. त्यांना एक आई येऊन भेटली. आपल्या मुलाविषयी बोलली. त्या भेटीचा आपल्या मनावर फार परिणाम झाला, असे मंत्रीणबाईंनी पुढे सांगितले आहे.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक बाई आपल्या मुलाचा अर्ज परत घ्यायला केंद्रात आल्या. कारण विचारले तर पुष्कळ वेळ पदराशी चाळा करीत बसल्या, मग हळू आवाजात खरे ते बोलल्या. मी काय म्हणावे? “लग्न करून टाका, आपोआप ताळ्यावर येईल!” ताळ्यावर आणण्यासाठी मी कोणाची मुलगी देणार होते, हा विचारसुद्धा मला त्या वेळी शिवला नाही. एका आईने तिकडे मंत्र्यांचे मन वळविले, आणि माझ्यासमोर बसलेल्या आईला मी अर्धे वाक्यही पुरे करू दिले नाही.

२०१५ च्या प्रचारातही युक्तिवादापेक्षा माणसेच पुढे आली. मॅकॅलीसबाईंचा मुलगा समलिंगी. बाई स्वतः श्रद्धाळू कॅथॉलिक, धर्मशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी चर्चचे म्हणणे बाजूला ठेवून सांगितले की, हा प्रश्न आपल्याच लेकरांचा आहे. अर्सुला हॅलिगन या दूरचित्रवाणीवरच्या नामांकित राजकीय वार्ताहर. मतदानाला आठवडा उरला असता त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून, १९७७ साली शाळेत असताना आपले एका मैत्रिणीवर प्रेम बसले होते आणि ते आपण दडपून टाकले, हे जगजाहीर केले. त्या वेळी त्या ५४ वर्षांच्या होत्या. सदतीस-अडतीस वर्षे! एवढ्यात आपल्याकडे एका मुलीचे लग्न होऊन तिच्या मुलीचेही होते.

आणि तिसरे नाव तर आपल्या कोकणातले. लिओ वराडकर. वडील डॉक्टर, मुंबईचे. घराण्याचे गाव मालवण तालुक्यातले वराड. आई आयरिश, परिचारिका. आरोग्यमंत्री असताना १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, रेडिओवरच्या मुलाखतीत त्यांनी आपण समलिंगी असल्याचे सांगितले. लोकांनी त्यांना टाकले नाही. २०१७ साली ते पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या डिसेंबरात कुटुंबासह वराडला येऊन गेले. तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणींना त्यांचा अभिमान वाटला होता. परक्या देशातल्या पंतप्रधानाचा अभिमान बाळगणे सोपे असते. शेजारच्या बिऱ्हाडातला तसाच मुलगा जिन्यात भेटला, तर आपण काय करतो?

आपल्या देशात ३७७ कलमाचा सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. तो विषय न्यायमूर्तींनी संसदेवर सोपविला. विवाहाच्या बाजूने की विरुद्ध, याविषयी आपल्या मंडळात एकमत नाही, हे मी जाणते. आयर्लंडमध्येही शेकडा ३८ जणांनी नकार दिलाच होता, आणि त्यांतही आया होत्या.

त्या बाईंचा पत्ता माझ्या जुन्या वहीत अजून आहे. येत्या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. त्या दार उघडतील की नाही, सांगता येत नाही. उघडले, तर त्यांचे अर्धे राहिलेले बोलणे ऐकून घेईन म्हणते.