छोट्या विमानाची हवाई कसरत

मुकुटबनच्या शिवारांत पऱ्हाटी उपटल्यावर जी विस्तीर्ण, मोकळी काळी जमीन दिसते, तशीच जागा रेडिओनें चालणारें छोटें विमान उडविण्यास लागते. जवळ विजेच्या तारा, रस्ता व गुरें-माणसें मात्र नसावींत.

१८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्क येथें बिनतारी लहरींनीं लहानशी नाव चालविली, आणि १९१३ सालीं नेस्तेरोव्ह या रशियन वैमानिकानें कीव्ह येथें विमानासह आकाशांत उभें वर्तुळ घेतलें. या दोहोंचा संगम म्हणजे ही कसरत.

तिच्यांतील खरी अडचण हाताची नसून मनाची होय. विमान दूर जात असतां त्याचें डावें तें उडविणाराचेंही डावेंच. परंतु तें समोरून परतूं लागलें, कीं सारें उलटतें. नवशिका येथेंच गोंधळतो, व महिन्याची मेहनत ढेकळांत जाते. यास्तव विमान समोरून येत असतां ज्या बाजूचा पंख खालीं झुकलेला दिसेल, त्याच बाजूस दांडी न्यावी, हा नियम त्यानें प्रथम अंगीं बाणवावा.

उंची ही गांठीची शिल्लक समजावी. चूक सांवरण्यास तीच उपयोगी पडते. आधीं उभें वर्तुळ, मग अंगाभोंवतीं लोळण, आणि अखेरीस उलटें उड्डाण, हा क्रम बरा. उलट्या विमानाचें नाक वर ठेवण्यास दांडी ओढावयाची नसून पुढें लोटावयाची असते.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत अशीं विमानें बनविण्याचें व उडविण्याचें शिक्षण मिळतें. तथापि कौशल्य कितीही वाढो, विमान माणसांकडे वळूं लागलें, तर तत्काळ इंजिन बंद करून तें जमिनीवर पाडावें. यंत्र पुन्हां जोडतां येतें.