मुलाच्या शिक्षणाचा जमाखर्च
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



रब्बी ज्वारीतील ओलावा व्यवस्थापनावर माझे सहकारी दुपारी बोलणार आहेत. मी आज वेगळा विषय घेतो.

अलीकडे मेळावा संपला की एखादा शेतकरी मागे रेंगाळतो. तणनाशकाचे विचारील असे वाटते, पण तो हळूच म्हणतो, "सर, पोराला खासगी विद्यापीठात बी.एस्सी. ॲग्रीला घालू का? वर्षाला दीड लाख फी सांगतात." याचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही.

प्रथम एक घोळ दूर करू. खासगी कृषी महाविद्यालय आणि खासगी विद्यापीठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांशी संलग्न खासगी महाविद्यालयात सीईटीनंतर केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश मिळतो आणि पदवी त्या कृषी विद्यापीठाचीच असते. खासगी विद्यापीठ स्वतंत्र कायद्याने स्थापन होते व स्वतःची पदवी देते. हा फरक खिशाला जाणवतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात निम्म्याऐवजी पूर्ण सवलत लागू झाली. त्यात विनाअनुदानित महाविद्यालये आहेत. खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे मात्र वगळलेली आहेत. म्हणजे मुलीच्या बाबतीत फक्त "खासगी" एवढे ऐकून फॉर्म भरला, तर लाखोंचा फरक पडू शकतो.

आता हिशेब. बहुतेक पालक एका बाजूला फी आणि दुसऱ्या बाजूला माहितीपत्रकातला पगार ठेवतात. तो पगार बहुधा सर्वांत वरचा असतो. पीकस्पर्धेतील पहिल्या क्रमांकाचे उत्पादन आपण आपल्या शिवाराला धरतो का? शिवाय, तुलना अशी करायचीच नसते. नवीन वाण घेताना आपण पाहतो की, जुन्यापेक्षा जादा खर्च किती आणि जादा उत्पन्न किती. इथेही तेच करावे.

समजा, खासगी विद्यापीठात फी, वसतिगृह व इतर मिळून वर्षाला 2 लाख 40 हजार लागतात आणि शासकीय महाविद्यालयात सर्व मिळून 1 लाख. (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, आपले आपण घालावेत. मुलगा घरी असता तरी जेवलाच असता, तेवढे दोन्हींकडून वजा करा.) जादा खर्च वर्षाला 1 लाख 40 हजार, चार वर्षांत 5 लाख 60 हजार. ही रक्कम दरवर्षी 10 टक्के व्याजाने कर्ज काढून भरली आणि शिक्षणानंतर एक वर्षाने हप्ते सुरू झाले, तर तोवर सरळव्याजानेच 1 लाख 96 हजार चढतात. एकूण 7 लाख 56 हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास 10 हजारांचा हप्ता येतो.

म्हणजे खासगी विद्यापीठातून बाहेर पडलेल्या मुलाने शासकीय महाविद्यालयातील मुलापेक्षा महिन्याला 10 हजार जास्त, आणि तेही सलग दहा वर्षे, मिळवले तर कुठे बरोबरी होते. नफा त्यानंतर. आणि मिळते काय? कृषीसेवकाचे मानधन 2023 मध्ये 6 हजारांवरून 16 हजार झाले. भरतीच्या परीक्षेत फी किती भरली हे कोणी विचारत नाही. बियाणे किंवा औषध कंपनीत पहिली नोकरी फिरतीची. तिथे मोटारसायकल, बोली आणि शेतकऱ्यांची ओळख पाहतात.

माझ्या चुलत्यांनी थोरल्या मुलासाठी विहिरीखालची तीस गुंठे विकली. विद्यापीठाचे नाव घेत नाही. मुलगा हुशार, आज नोकरीत आहे, पगारही बरा आहे. पण त्या तीस गुंठ्यांत दरवर्षी कांदा निघत होता, तो ताळेबंदात कोणीच धरला नव्हता. मी कृषीचा पदव्युत्तर, मीसुद्धा नाही. चुलते म्हणतात, "पोराचं भलं झालं." धाकटा गप्प बसतो, कारण वाटणीला आता कोरडवाहूच उरले आहे.

खासगी विद्यापीठ नेहमीच तोट्याचे असे मी म्हणत नाही. जादा फी थोडीच असेल, चांगली शिष्यवृत्ती मिळत असेल किंवा हवी ती शाखा दुसरीकडे नसेल, तर जरूर विचार करावा. मीही अध्यापनावरच जगतो, तेव्हा माझे बोलणेही पारखून घ्या.

प्रवेशापूर्वी मात्र एक दिवस मोडून तिथे जा. प्रक्षेत्र किती एकर आहे आणि विद्यार्थी त्यावर खरोखर काम करतात का, ते पाहा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे का, ते कागदावर मागा, पुढे एम.एस्सी.च्या वेळी ती आडवी येते. मागच्या तुकडीतील सर्व मुलांची यादी मागा, फक्त नोकरी लागलेल्यांची नको. त्यातल्या तिघा-चौघांना स्वतः फोन करा. यादी द्यायला टाळाटाळ झाली, तर पहिला हप्ता भरण्याची घाई करू नका.

हिशेबाचे कोरे तक्ते मी आणले आहेत. जेवणाच्या सुट्टीत माती परीक्षणाच्या टेबलाशेजारी बसतो. ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे त्यांनी यावे. मुलांनाही बरोबर आणा.