संगणकाची किल्ली आणि आपली सचोटी



आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून. तेव्हा संगणकशास्त्र शिकविण्याचा आमचा मुळीच दावा नाही. परंतु आपल्यापैकी कितीतरी मुले-मुली सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होण्याची तयारी करीत आहेत. त्यांच्या हाती जी किल्ली येणार आहे, तिच्याविषयी चार शब्द सांगण्याइतका अनुभव बँकेने आम्हांला दिला आहे.

सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे कार्यालयातील संगणक, त्यांचे जाळे आणि सर्वांची खाती सांभाळणारा माणूस. साहेबांना स्वतःची मेल उघडता येते, याला सर्वांची उघडता येते. पगारपत्रक, रुग्णाचा अहवाल, ग्राहकाची माहिती, सारे काही त्याच्या एका पासवर्डच्या पलीकडे असते. पद साहेबांपेक्षा लहान, पण हाती अधिकार मोठा. अशा माणसाची परीक्षा तीन ठिकाणी होते.

पहिली परीक्षा डोकावण्याची. पोस्टमनच्या थैलीत गावाची सगळी पत्रे असतात, म्हणून ती वाचण्याचा हक्क त्याला मिळत नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधील कलम ४३ आणि ६६ विनापरवानगी संगणकात शिरणे व माहिती काढून घेणे यासंबंधीच आहेत. पण खरी अडचण तेव्हा येते, जेव्हा वरिष्ठच म्हणतात, "अमक्याची मेल जरा उघडून दाखव, कोणाला कळणार नाही." अशा वेळी भांडू नये आणि मानही डोलावू नये. "साहेब, नियमाप्रमाणे लेखी आदेश द्या, तशी नोंद ठेवून करतो," एवढे नम्रपणे म्हणावे. ज्याचा हेतू सरळ आहे तो लेखी देतो. ज्याचा नाही, तो बहुधा विषय बदलतो.

दुसरी परीक्षा किल्ली उसनी देण्याची. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांच्या ताब्यात असतात. व्यवहाराची नोंद एकाने करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, हीच रीत संगणकातही आली. "घाई आहे, तुझा पासवर्ड सांग," असे म्हणून एकाच माणसाने दोन्ही कामे केली की ही रीत कागदावरच उरते. तपासणी तुटली म्हणजे काय होते, हे फेब्रुवारी २०१८ मध्ये देशाने पाहिले. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशी बँकांना स्विफ्टवर हमीचे संदेश गेले होते, पण बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच नव्हती, कारण या दोन प्रणाली एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. हजारो कोटींचा घोटाळा वर्षानुवर्षे झाकून राहिला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ही जोडणी करावयास लावली.

तिसरी परीक्षा किल्ली दडवून ठेवण्याची. ही हुशार आणि कष्टाळू माणसाची परीक्षा आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या महापालिकेत टेरी चाइल्ड्स नावाचे अभियंता होते. शहराच्या कारभाराचे संगणकजाळे त्यांनी मोठ्या मेहनतीने उभारले. २००८ च्या जुलैत वरिष्ठांनी पासवर्ड मागितले, तेव्हा त्यांनी ते देण्यास नकार दिला. या लोकांच्या हाती जाळे बिघडेल, असे त्यांना वाटत होते. त्यांना अटक झाली. अखेर तुरुंगात भेटीस आलेले महापौर गॅव्हिन न्यूसम यांच्याकडे त्यांनी पासवर्ड सोपवले. २०१० मध्ये त्यांना ४ वर्षांची शिक्षा झाली. ध्यानात घ्या, या काळात जाळे बंद पडले नव्हते आणि त्यांनी पैसाही खाल्ला नव्हता. जे आपल्याकडे सांभाळायला दिले, ते आपलेच आहे असे मानले, एवढ्यावरून हे घडले.

मित्रहो, बँकेत आम्ही 'ठेव' हा शब्द रोज वापरतो. ठेव दुसऱ्याची असते. ती जपायची, हिशेब ठेवायचा आणि धन्याने मागितली की परत करायची. पासवर्ड हीदेखील ठेवच आहे.

आता नोकरी निवडण्याविषयी. पगाराचा आकडा जरूर विचारा, आपल्या घरांना त्याची गरज आहे. पण आणखीही काही विचारा. किल्ली सांभाळणारा दुसरा माणूस आहे काय? कोणी केव्हा काय उघडले, याची नोंद राहते काय? मला रजा मिळेल काय? संवेदनशील पदावरील बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. माणूस दूर असताना त्याचे काम दुसऱ्याच्या नजरेखालून जावे, हा त्यामागचा हेतू. "माझ्यावाचून ऑफिस चालत नाही," ही अभिमानाची गोष्ट नसून धोक्याची आहे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. घरात पहिलाच पगार आणणाऱ्या मुलाला 'नाही' म्हणणे फार जड जाते. भाडे, आईचे औषध, धाकट्या बहिणीची फी डोळ्यांसमोर येते. म्हणून पहिल्या पगारापासून थोडे थोडे बाजूला टाका. सहा महिन्यांचा घरखर्च गाठीला असला, तर गैर काम नाकारताना आवाज कापत नाही. सचोटीला बचतीचा आधार लागतो, हे आम्ही बँकेच्या काउंटरवर बसून शिकलो. नोकरी सोडण्याची वेळ आलीच, तर सर्व पासवर्ड लेखी पोच घेऊन सुपूर्द करा आणि आपली खाती आपल्यादेखत बंद करून घ्या. रागाने निघालात तरी हात रिकामे आणि स्वच्छ असू द्या.

आपल्या मुलांच्या हाती आज मोठमोठ्या संस्थांच्या किल्ल्या येत आहेत, याचा आम्हांला आनंद वाटतो. त्या विश्वासाने सांभाळा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.