जुन्या जर्मन चकमकी पिस्तुलांची ओळख



जुन्या शस्त्रांच्या संग्रहात पितळी मढणीचे, लांब नळीचे एखादे पिस्तूल दिसले, की त्यावर ‘जर्मन, अठरावे शतक’ अशी चिठ्ठी चिकटविण्याचा मोह होतो. परंतु या चिठ्ठीतील प्रत्येक शब्द पुराव्याने सिद्ध व्हावा लागतो. जर्मनी हे एकसंध राष्ट्र झाले ते १८७१ साली. त्यापूर्वी प्रशिया, सॅक्सनी, बव्हेरिया अशी अनेक राज्ये होती आणि प्रत्येकाची शस्त्रे व खुणा वेगळ्या होत्या.

प्रथम रचना पाहू. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. खटका ओढताच ती समोरच्या पोलादी पट्टीवर आपटते, ठिणग्या वाटीतील रंजकावर पडतात आणि ती आग नळीच्या कानातून आतल्या दारूपर्यंत पोचते.

आता खुणा. थुरिंजियातील सुल हे बंदूककारांचे प्रसिद्ध गाव. तेथल्या नळ्यांवर गावाचे नाव आणि हेनेबेर्ग घराण्याच्या चिन्हातील कोंबडी आढळते. प्रशियात राजा पहिला फ्रीड्रिख व्हिल्हेल्म याच्या काळी, १७२२ साली, सरकारी शस्त्रांचा कारखाना उभा राहिला. नळ्या श्पांडाऊ येथे घडत आणि जुळणी पोट्सडाम येथे होई. तेथल्या काही चापांच्या पट्ट्यांवर पोट्सडामचे नाव व कारखाना चालविणाऱ्या श्प्लिटगेर्बर आणि डाउम यांची आद्याक्षरे कोरलेली असतात. उलट, लंबवर्तुळात ‘ई एल जी’ ही अक्षरे दिसली, तर नळीची परीक्षा बेल्जममधील लिएज येथे झाली असे समजावे. मुकुटाखाली एकेक अक्षर असलेल्या जर्मन परीक्षा-मुद्रा १८९१ च्या कायद्यानंतरच्या. त्या चकमकी पिस्तुलावर आढळल्यास संशय घेणे रास्त ठरते.

खरी फसवणूक मात्र दुरुस्तीत दडलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तांब्याच्या टोपीवर उडणारे चाप प्रचारात आले, तेव्हा हजारो चकमकी शस्त्रे तशी बदलून घेण्यात आली. पुढे संग्राहकांची आवड पाहून व्यापाऱ्यांनी त्यांतील काही पुन्हा चकमकी केली. अशा वेळी चापाच्या पट्टीवर बुजविलेली स्क्रूची भोके शोधावीत. घोडा आणि रंजकाची वाटी यांवरील गंजाचे खड्डे पट्टीवरील खड्ड्यांशी जुळतात की नाही, हेही पाहावे. नळीला नवा कान बसविला असल्यास तोही लक्षात येतो. घोडा गुळगुळीत आणि शेजारची पट्टी खडबडीत असेल, तर दोघांनी दोनशे वर्षे एकत्र काढलेली नाहीत हे उघड आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगून संपवितो. जुन्या नळीत बार शिल्लक असू शकतो. म्हणून लाकडी काठी नळीत आतपर्यंत घालावी, तेवढीच लांबी बाहेरून कानापर्यंत धरून पाहावी आणि फरक पडल्यास शस्त्र जाणकाराच्या स्वाधीन करावे. दुसरे, चकाकी आणण्यासाठी सँडपेपर कधीही लावू नये. त्या घासण्यात सुलची कोंबडी किंवा पोट्सडामची अक्षरे कायमची नाहीशी होतात आणि त्यांबरोबर ते पिस्तूल कोणी, कोठे घडविले हे सांगणारा साक्षीदारही जातो. गंजलेले पण बोलके पिस्तूल संग्रहात असणे, लखलखीत पण मुक्या पिस्तुलापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.