निवृत्तांनी दक्षिणेत जावे काय?

आमच्या सीवूड्समध्ये सायंकाळी खाडीच्या बाजूस फिरावयास निघालेल्या पेन्शनरांच्या बोलण्यात पूर्वी रक्तदाब आणि नातवंडे हे दोनच विषय असत. अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. येथील घर विकून दक्षिणेत कोठेतरी स्वस्त गावी जाऊन राहावे, हा तो विषय होय. कोणी म्हैसूरचे नाव घेतो, कोणी कोइमतूरचे. आणि ज्यांचे मूळ सांगली-मिरजेकडचे आहे ते हटकून बेळगाव-धारवाडवर येतात. मी या शेवटच्या वर्गातला. मॅट्रिकपर्यंत शिकून पुढे मुलांना अंकगणित शिकविण्यात ज्याची हयात गेली, त्याने हा प्रश्न पाटीवर मांडून पाहावा, हे ओघानेच आले. आमच्या घरी गेले वर्षभर धारवाडची बोलणी चालू आहेत, आणि आज जे सांगणार आहे ते त्याच बोलण्यांतून निघालेले आहे.

प्रथम स्वस्ताईचाच विचार करू. स्वस्त म्हणजे नेमके काय स्वस्त? औषधाच्या गोळ्यांवरील छापील किंमत सीवूड्समध्ये जी, तीच धारवाडला. रेल्वेचे तिकीट, टपाल, टेलिफोनचा आकार ही सर्व देशभर सारखीच. साठीनंतरच्या माणसाच्या खर्चात औषधाचा वाटा केवढा असतो, हे मी श्रोत्यांना सांगावयास नको. मग स्वस्त काय? भाजीपाला, दूध, रिक्षा, घरकामाची बाई, गावातल्या डॉक्टरांची फी, आणि मुख्य म्हणजे घर. यांतील पहिल्या बाबींनी महिन्याकाठी जी बचत होते ती खरी आहे, परंतु तेवढ्यासाठी कोणी बिऱ्हाड हलवीत नाही. खरी भुरळ घराची. येथील दोन खोल्यांच्या किमतीत तेथे अंगणाचे घर येते, दारात फणसाचे झाड येते, आणि वर काही रक्कम उरून तिच्या व्याजावर संसार चालेल असे वाटते.

येथेच पेन्सिल थांबते. ज्याचे घर स्वतःचे आहे, त्याला ते घर दरमहा काही मागत नाही; संस्थेचे शुल्क आणि पालिकेचा कर सोडला तर ते फुकटच आहे. म्हणजे दक्षिणेत जाण्याचा मोठा लाभ हा राहण्याचा नसून विकण्याचा आहे. विकण्याचा हिशेब मात्र निराळा करावा लागतो. मूळ जमीन सिडकोने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असेल, तर हस्तांतराचे सोपस्कार व शुल्क आले. पुढे नफ्यावरील कर. घर विकून झालेला नफा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या घरात घातला तर तेवढ्यापुरती सूट मिळते; परंतु स्वस्त गावी स्वस्त घर घेणारा मनुष्य त्या नफ्याचा थोडाच भाग घरात घालतो आणि उरलेल्यावर कर भरतो. सरकारमान्य रोख्यांची एक वाट आहे, पण तिलाही मर्यादा आहे. तात्पर्य, ज्या शिल्लक रकमेवर म्हातारपण काढावयाचे तिलाच ही कात्री लागते. आणि एकदा विकलेले घर पुन्हा घेता येत नाही. नव्या मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटित झाला. येथील भाव उतरण्याचा रंग दिसत नाही. गेलेला मनुष्य तीन वर्षांनी परत येऊ म्हणेल, तर त्याला पनवेलच्याही पलीकडे जागा पाहावी लागेल.

असो. सगळेच पैशाने मोजावयाचे नाही. धारवाडची हवा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांहून अधिक उंचीवरची. येथे मे महिन्यात जो घाम पाठीवर चिकटून राहतो तो तेथे नाही. हवेसाठी मुलूख सोडण्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यामुळे 1948 साली कोरड्या हवेसाठी देवासला गेले आणि कायमचे तेथले झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातील लोकगीते त्यांच्या कानी पडली, आणि पुढे त्यांच्या गाण्यात ती किती मुरली हे संगीताच्या रसिकांस ठाऊकच आहे. पण तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आतले होते. आपले पासष्ट आहे. नव्या मातीत मुळे धरावयाची तर रोप कोवळे असावे लागते, हे बागेत हात मळविणारा कोणीही सांगेल.

धारवाड आपल्याला परके वाटत नाही, याला कारण आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत ते मुंबई राज्यात होते. पुणे-मुंबईकडचा कारकून बदलीवर तेथे गेला, तर तो परमुलखात गेला असे कोणी म्हणत नसे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. पण ते कन्नडचे थोर कवी झाले, आणि 1973 सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाले. याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी वर्षानुवर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत राहिले आणि कथा मराठीत लिहीत राहिले. ते मूळचेच बेळगाव भागातले, तेव्हा त्यांना स्थलांतरित म्हणता येणार नाही. परंतु आयुष्याच्या अखेरीस तेही पुण्यास आले आणि 1987 साली तेथेच वारले. थेट तंजावरपर्यंत गेलो तर तेथे सतराव्या शतकात व्यंकोजी राजांबरोबर गेलेल्या मराठ्यांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात, आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांनी कोरविलेला मराठी लेख अद्याप आहे. मात्र ती मंडळी राज्य घेऊन गेली होती. आपण पेन्शनचे पुस्तक घेऊन जाणार.

आणि 1956 नंतर सीमा आली, हे विसरून चालत नाही. बेळगावचा दावा महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात नेला. त्या वादात मी येथे शिरत नाही. पण त्याची झळ सामान्य प्रवाशास लागते. डिसेंबर 2022 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये प्रकरण तापले तेव्हा आपल्या एस. टी. च्या कर्नाटकाकडे जाणाऱ्या गाड्या काही काळ थांबविण्यात आल्या. नेमक्या अशा दिवशी येथे कोणी आजारी पडले तर रेल्वेवरच भिस्त. आणि रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 मध्ये काढून घेतली. एस. टी. ची सवलतही राज्याच्या हद्दीपर्यंतच. उलट कर्नाटकाने जून 2023 पासून आपल्या रहिवासी स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत केला आहे. ही वार्ता कळल्यावर आमच्या घरातील एक मत तत्काळ धारवाडच्या बाजूस गेले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

आता भाषेविषयी. बाजारात हिंदी चालते, जुन्या पेठांतून मराठीही समजते, म्हणून बहुतेक जण हा मुद्दा एका वाक्यात निकालात काढतात. मला तसे वाटत नाही. भाजी घेण्यास भाषा लागतच नाही, बोट पुरते. भाषा लागते ती दवाखान्यात. पोटात कळ येते की मुरडा येतो, छातीत चमक निघते की जडपणा वाटतो, डोके दुखते की ठणकते, हे भेद डॉक्टरला कळले तर निदान होते. रात्री दोन वाजता हुबळीच्या मोठ्या रुग्णालयात, खाटेपाशी असलेल्या परिचारिकेला हे कोणत्या भाषेत सांगणार? बसच्या पाट्या कन्नडमध्ये, तलाठ्याचे कागद कन्नडमध्ये, वीजमंडळाची सूचना कन्नडमध्ये. यात गैर काहीच नाही. आपणही आपल्या राज्यात मराठीचा आग्रह धरतो, आणि धरावाच. अण्णा, अक्का हे शब्द आपण कन्नडकडूनच घेतले, तेव्हा ती भाषा शिकण्यात कमीपणा तर मुळीच नाही. परंतु जो तेथे जाईल त्याने पुन्हा बिगारीच्या वर्गात बसण्याची तयारी ठेवली पाहिजे. ज्याला हे नको असेल, त्याने जाऊ नये असे मी स्पष्ट म्हणतो. चाळीस वर्षे शेजारी राहूनही शेजाऱ्याची भाषा न शिकणारी माणसे आपण आपल्याच इमारतीत पाहतो आणि त्यांना नावे ठेवतो.

परंतु या सर्वांहून मोठी एक बाब आहे, आणि तिचा उच्चार सायंकाळच्या फिरण्यात कोणी करीत नाही. आपण हिशेब दोघांचा करतो. दोघे जाऊ, दोघे अंगणात बसू, दोघे बाजारात जाऊ. वस्तुतः हा हिशेब एकाचा आहे. दोघांपैकी जे मागे उरेल त्याचा. सीवूड्समध्ये माझ्या पत्नीला दूधवाला नावाने ओळखतो, औषधवाला चिठ्ठीवाचून गोळ्या देतो, तिच्या भजनीमंडळात बारा बायका आहेत, आणि मजल्यावरील तिन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांकडे असतात. ही पुंजी पंचवीस वर्षांत साठली. ती विकता येत नाही आणि बरोबर नेताही येत नाही. धारवाडला खांदा द्यावयास चार माणसे मिळतीलच, तिकडची माणसे भली आहेत. प्रश्न तेराव्या दिवसानंतरचा आहे. फणसाखालचे अंगण तेव्हा फार मोठे वाटेल. अर्थात ज्यांची मुले परदेशी आहेत आणि ज्यांच्या इमारतीत कोणी कोणाला ओळखतच नाही, त्यांनी येथे तरी काय राखावयाचे? त्यांचे उत्तर माझ्याहून वेगळे येईल, आणि ते बरोबरच असेल.

आमच्यापुरते म्हणाल तर येथील घर विकावयाचे नाही, एवढे ठरले आहे. दिवाळीनंतर धारवाडला अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याचे घर घ्यावयाचे, आणि तेही उन्हाळा व पावसाळा दोन्ही त्यात येतील अशा बेताने. रुग्णालय जवळ असावे आणि हुबळी-धारवाड रस्त्यावरील 'चिगरी' बसचा थांबा पायी गाठता यावा, या दोन अटी पत्नीच्या. येथले घर या काळात कुलूपबंद ठेवावे की कोणास द्यावे, यावर अजून एकमत झालेले नाही. कन्नड मुळाक्षरांचे पुस्तक मात्र घरात आले आहे. अक्षरे बरीचशी तेलुगूसारखी वळणदार आहेत. माझा हात अजून 'अ' वरच अडखळतो, पत्नी 'क' च्या बाराखडीपर्यंत पोहोचली आहे.